हवेचा हातोडा: घरकामासाठी नेल गन घेताना

घर बांधायला काढलेला माणूस हल्ली सुताराला एक प्रश्न हमखास विचारतो: ती खिळे मारायची गन घेतली तर काम लवकर होईल का, आणि स्वस्तातली कोणती घ्यावी? प्रश्नामागे बहुतेक वेळा मोबाइलवर पाहिलेला एखादा व्हिडिओ असतो. अमेरिकेतले दोन कारागीर लाकडी चौकटी जमिनीवर आडव्या मांडतात, ‘ठक्-ठक्-ठक्’ करत सुटतात आणि दुपारपर्यंत घराच्या भिंती उभ्या राहिलेल्या असतात. मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या माणसाला ते पाहून हेवा वाटला तर नवल नाही. त्याच्या प्लॉटवर दोन महिन्यांपासून विटांचे ढीग पडलेले असतात आणि सेंटरिंगवाल्याचा फोन लागत नसतो.

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर गनच्या किमतीपासून सुरू होत नाही.

१. घर कोणतं आणि खिळा कुठे?

अमेरिकेत १८३० च्या दशकात शिकागोच्या आसपास घर बांधायची एक पद्धत रुळली. जाड तुळया आणि कोरीव सांधे वगळून पातळ, एकसारख्या लाकडी पट्ट्या जवळजवळ उभ्या करायच्या आणि त्या केवळ खिळ्यांनी जोडायच्या. आजही तिथली बहुतांश घरं याच कुळातली आहेत. अशा घराचा सांगाडा म्हणजेच फ्रेम, आणि ती ठोकणारी ती फ्रेमिंग नेलर. एका घरात हजारोंनी खिळे लागतात. तिथे हातोडीने काम करणं म्हणजे मजुरी उधळणं.

नेपानगरचं घर वेगळ्या जातीचं आहे. हे गाव कागद गिरणीमुळे वसलं. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते या गिरणीचं उद्घाटन झालं, देशात वृत्तपत्राचा कागद प्रथम इथे तयार होऊ लागला आणि गिरणीभोवती क्वार्टर उभी राहिली. त्या क्वार्टरांपासून आजच्या नव्या प्लॉटवरच्या घरांपर्यंत सगळा कारभार वीट, सिमेंट आणि स्लॅबचा. भिंतीत खिळ्यांचा सांगाडा नाही. दाराची चौकट बसते तीही होल्डफास्टवर, म्हणजे भिंतीत काँक्रीटने गाडलेल्या लोखंडी पट्ट्यांवर.

मग खिळे लागतात कुठे? पहिली जागा सेंटरिंगची, म्हणजे स्लॅबला आधार देणाऱ्या तात्पुरत्या साच्याची. दुसरी म्हणजे कपाट, ट्रॉली, पलंग, भिंतीवरचं पॅनेल असं आतलं सुतारकाम. तिसरी, गावाबाहेर शेत असेल तर गोठा किंवा कौलारू पडवी: आढं, वासे, रिपा. या तीन कामांना लागणारे खिळे तीन प्रकारचे आहेत, आणि एकच गन तिन्हींना पुरत नाही. घोळ होतो तो इथेच.

सेंटरिंगचा निकाल आधी लावून टाकू. तिथला खिळा कायमचा नसतो. स्लॅब भरल्यावर काही दिवसांनी फळ्या, प्लाय आणि बल्ल्या उतरवायच्या, खिळे उपसायचे आणि तेच सामान पुढच्या साइटवर न्यायचं. म्हणून सेंटरिंगवाला खिळ्याचं डोकं मुद्दाम थोडं वर ठेवतो, म्हणजे पहारीच्या नख्यात ते सापडतं. गनने मारलेला खिळा लाकडात बुडेपर्यंत जातो. त्याच्या अंगावर आडव्या कडा असतील तर तो काढताना प्लायचा पापुद्राच सोबत येतो. परदेशात यासाठी एकावर एक दोन डोकी असलेले खिळे मिळतात, पण ते चालवणारी गन महाग आणि इथे दुर्मीळ. सेंटरिंगवाल्याची हातोडी मागासलेली आहे असं समजायचं कारण नाही. त्याच्या कामाला तीच बरोबर आहे.

योगायोग असा की हवेच्या गनचा इतिहासही काढून टाकायच्या खिळ्यांपाशीच सुरू होतो. हॉवर्ड ह्यूज या अमेरिकन उद्योगपतीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्चच्या लाकडाचं एक अवाढव्य विमान बांधायला घेतलं. सरस वाळेपर्यंत भाग जागेवर धरून ठेवायला त्यात खिळे मारले जात आणि नंतर ते उपसले जात. ते मारण्यासाठी हवेवर चालणारं यंत्र केल्याचं श्रेय मॉरिस पायनूस या अभियंत्याला दिलं जातं. विमान २ नोव्हेंबर १९४७ रोजी एकदाच, जेमतेम दीड किलोमीटर उडालं. गन मात्र टिकली. १९५० च्या सुमारास ती घरबांधणीच्या बाजारात आली आणि तिथून हटली नाही.

२. हवा खिळा कशी ठोकते?

सायकलचा पंप उलटा चालवला तर काय होईल, तेच गनमध्ये घडतं. पंपात माणूस दांडा ढकलतो आणि हवा दाबली जाते. गनमध्ये दाबलेली हवा आधीच तयार असते. घोडा ओढला की ती नळकांड्यात घुसते आणि दट्ट्याला खाली ढकलते. दट्ट्याला जोडलेली पोलादी पट्टी खिळ्याच्या डोक्यावर आदळते, खिळा लाकडात जातो आणि उरलेली हवा ‘फुस्स’ करून बाहेर पडते.

यात किती जोर असतो? सोपा हिशेब करता येतो. गनला साधारण १०० पीएसआय दाब देतात. आपल्या भाषेत दर चौरस सेंटिमीटरवर ७ किलो. दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे जोर १४० किलोचा. हा जोर १० सेंटिमीटर अंतरभर लागला, असं समजू. एक किलो वजन १० सेंटिमीटर उचलायला साधारण एक ज्यूल ऊर्जा लागते, म्हणून एका ठोक्यात १४० ज्यूल.

आता हातोडी. अर्ध्या किलोची हातोडी सेकंदाला ८ मीटर वेगाने आदळली तर १६ ज्यूल मिळतात. गनमधली थोडी ऊर्जा घर्षणात आणि हवेच्या गळतीत जाते. ती वजा केली तरी हातोडीचे पाच-सहा घाव गन एका क्षणात घालते. सगळा जोर एकदम आणि सरळ रेषेत लागल्याने खिळा वाकायचा प्रश्नही कमी होतो.

या हिशेबातून खरेदीचं एक सूत्र निघतं. गनचा जोर दट्ट्याच्या आकारावर ठरतो. छोटी गन जास्त दाबावर चालवून मोठ्या गनचं काम काढता येत नाही. बहुतेक गनवर १०० ते १२० पीएसआयची कमाल मर्यादा छापलेली असते. ती ओलांडली तर आतली रबरी गादी आणि ओ-रिंग आधी जातात, मग कवच.

३. लाकूड मऊ की चिवट?

अमेरिकन गनची जाहिरात पाइन किंवा फरच्या मऊ लाकडावर केलेली असते. नेपानगरच्या आसपासची झाडं तसली नाहीत. सातपुड्याच्या या पट्ट्यात साग आहे आणि बांधाबांधावर बाभूळ आहे. सागाच्या जुन्या, वाळलेल्या वाशात तीन इंची खिळा मारताना सुतार आधी बारीक भोक पाडून घेतो. बाभळीत तर भोक पाडल्याशिवाय हातोडी उचलत नाही. गन हे भोक पाडत नाही. घट्ट लाकडात तिचा खिळा अर्ध्यात अडतो, वाकतो किंवा लाकूड कडेला चिरतो. बाभळीत टॅनिन भरपूर असतं. साधा लोखंडी खिळा ओल लागताच भोवतीचं लाकूड काळं करतो. अशा ठिकाणी जस्ताचा मुलामा असलेलेच खिळे हवेत.

मऊ लाकूडही इथे आहे. इथल्या कागद गिरणीने, म्हणजे नेपा मिलने, सुरुवातीला ज्या सालईपासून आणि बांबूपासून कागद केला, ती सालई हलकी. खोक्यांसाठी तिचा वापर जुनाच आहे. आज बाजारात आयात पाइनवुडही सर्रास मिळतं. या दोन्हींत गन लोण्यासारखी चालते.

म्हणून गन पाहायला जाताना, ज्यावर काम करायचं आहे त्याच लाकडाचा हातभर तुकडा पिशवीत टाकून न्यावा. दुकानदार दाखवायला पाइनची फळीच पुढे करतो.

४. खिळे मोजा, मग मशीन

आता शेतातला गोठा घेऊ. लांबी २० फूट, उतारावरचं माप १२ फूट, वर कौलं. दर दोन फुटांवर वासा धरला तर ११ वासे. मंगलोरी कौलांसाठी सुमारे फुटाफुटावर रीप, म्हणजे १२ रिपा. रीप आणि वासा जिथे भेटतात तिथे एक खिळा, म्हणजे १३२. वासे आढ्यावर, मधल्या तुळईवर आणि भिंतीवरच्या पाटाला बसवताना प्रत्येकी दोन-दोन खिळे, म्हणजे ६६. एकूण दोनशेच्या आत-बाहेर.

सवयीच्या सुताराला एका खिळ्याला अर्धं मिनिट लागलं असं धरलं, तरी सगळी ठोकाठोक शंभर मिनिटांत आटोपते. गनने हीच वीस-पंचवीस मिनिटांत होईल. वाचला सव्वा तास. तेवढ्यासाठी गन, कॉम्प्रेसर आणि पाइप असा दहा-वीस हजारांचा सरंजाम घ्यायचा का? उत्तर उघड आहे. वासे मापात कापणं, चढवणं, ओळंबा धरणं यात जे दोन दिवस जातात, त्यांतला एक तासही गन वाचवत नाही.

दुसऱ्या टोकाला पॅलेट बनवणारा आहे. पिथमपूर किंवा चाकणच्या कारखान्यांना माल ठेवायला लाकडी पॅलेट लागतात. युरोपात प्रमाण मानलेल्या १२०० गुणिले ८०० मिलिमीटरच्या एका पॅलेटला ७८ खिळे असतात. दिवसाला ३० पॅलेट केले तर २,३४० खिळे, आणि अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने साडेएकोणीस तास! तिथे गन नसेल तर धंदाच नाही. म्हणूनच आपल्याकडे जोरकस गन घरबांधणीत कमी आणि पॅलेट-पेट्यांच्या शेडमध्ये जास्त दिसतात.

दोन टोकांच्या मध्ये स्वतःचं घर असतं. तिथला सगळ्यात मोठा खिळेखाऊ म्हणजे आतलं फर्निचर.

५. फर्निचरची गन वेगळी

कपाटाच्या प्लायला कडेची लाकडी पट्टी लावताना सुताराचे दोन हात कमी पडतात. एका हाताने पट्टी दाबून धरायची, दुसऱ्याने एक इंची चूक चिमटीत धरायची, मग हातोडी कोणी धरायची? चूक तिरकी गेली की पट्टी चिरते. इथे एफ-३० नावाने विकली जाणारी छोटी गन कामाची आहे. १० ते ३० मिलिमीटरचे बारीक, जवळजवळ बिनडोक्याचे खिळे ती मारते आणि वजनाला सव्वा किलोच्या आसपास भरते. एका हातात पट्टी, दुसऱ्यात गन. खिळ्याचं भोक इतकं बारीक की पुट्टीचा एक बोटभर हात पुरतो.

हे खिळे मोठं वजन पेलत नाहीत, हे मात्र लक्षात हवं. फेविकॉल वाळेपर्यंत पट्टी हलू न देणं एवढंच त्यांचं काम. पलंगाची चौकट एफ-३० वर ठोकून देणारा सुतार भेटला तर त्याला तिथेच थांबवावं. तिथे स्क्रू हवेत.

हिच्याच कुळातली एफ-५० पन्नास मिलिमीटरपर्यंत जाते. जाड पट्ट्यांना ती बरी. भिंतीवर पॅनेलसाठी लाकडी रिपा ठोकायच्या असतील तर एसटी-६४ नावाची गन मिळते. ती ६४ मिलिमीटरपर्यंतचे कणखर खिळे प्लॅस्टर आणि विटेत घालते. स्लॅबच्या जुन्या काँक्रीटमध्ये तिचा भरवसा धरू नये, आणि विजेची वायरिंग प्लॅस्टरमागे कुठून गेली आहे हे माहीत नसेल तर तिला हात लावू नये. सोफ्याच्या कापडाला लागते ती स्टेपलर. तिच्या पिना यू आकाराच्या असतात आणि खिळ्यांच्या गनमध्ये त्या चालत नाहीत.

नेपानगरात एक घर बांधून फर्निचर करून घेणाऱ्याला यांपैकी एकच विकत घ्यायची असेल, तर ती एफ-३० असावी. फ्रेमिंग नेलरची वाट त्यानंतरची, आणि ती सगळ्यांसाठी नाही.

६. तरी मोठी गन हवीच असेल तर

वर्षभर शेड, खोकी, पॅलेट, लाकडी कुंपणं अशी कामं घेणारा छोटा ठेकेदार किंवा हौसेने शेतावर लाकडी घर बांधणारा माणूस यांना मोठी गन परवडते. तिच्यात ५० ते ९० मिलिमीटरचे, म्हणजे दोन ते साडेतीन इंचांचे खिळे बसतात. वजन साडेतीन ते चार किलो. दिवसभर डोक्यावर धरून काम करायचं असेल तर हा आकडा किमतीइतकाच महत्त्वाचा.

इथे ग्राहक सर्वांत जास्त फसतो तो खिळ्यांच्या पट्टीत. हातोडीचे खिळे किलोने मिळतात आणि कुठलाही खिळा कुठल्याही हातोडीला चालतो. गनला सुटे खिळे चालत नाहीत. ते एकमेकांना जोडलेल्या पट्टीत किंवा गुंडाळीत लागतात, आणि ही जोडणी चार तऱ्हांची असते. प्लॅस्टिकने जोडलेली पट्टी साधारण २१ अंशांत कललेली, तारेने जोडलेली २८ अंशांची, कागदाने जोडलेली ३० ते ३४ अंशांची, आणि तारेने जोडून चकलीसारखी गुंडाळलेली १५ अंशांची. एका कोनाच्या गनमध्ये दुसऱ्या कोनाची पट्टी जात नाही. गन सवलतीत मिळाली, पण तिच्या कोनाचे खिळे पार्सलने मागवावे लागले, तर ती सवलत दुसऱ्या खोक्यातच संपते.

आपल्या हवेचाही विचार करावा. कागदी पट्टी पावसाळ्यात ओल धरते, सैल होते आणि गन अडकते. प्लॅस्टिकची पट्टी ओलीला दाद देत नाही, पण प्रत्येक खिळ्यामागे तिचे तुकडे उडतात. गुंडाळीच्या गनचा डबा गोल आणि बोजड दिसतो, मात्र त्यात एका वेळी दोनशे-तीनशे खिळे मावतात. आपल्याकडे तिचा सगळ्यात मोठा फायदा वेगळाच आहे. पॅलेटवाले हीच वापरतात, त्यामुळे तिचे खिळे आणि सुटे भाग औद्योगिक बाजारात मिळतात. नेपानगरचा माणूस भुसावळ, जळगाव किंवा इंदूरला जाऊन दुकानात ते हातात घेऊन पाहू शकतो. सीएन-५५, सीएन-७०, सीएन-८० ही नावं याच घराण्याची. आकडा साधारणपणे खिळ्याची कमाल लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो. वाशा-रिपांच्या कामाला सीएन-७० पुरते.

लांबी किती हवी याचा जुना ठोकताळा असा: जी फळी ठोकायची तिच्या जाडीच्या अडीच ते तीनपट खिळा. एक इंची रीप असेल तर अडीच ते तीन इंच.

आणखी एक स्वस्त पर्याय फारसा कोणाला माहीत नसतो. तळहाताएवढी पाम नेलर कॉम्प्रेसरवरच चालते, पण ती सुटे खिळे घेते. खिळा तोंडात ठेवायचा, जागेवर टेकवायचा, आणि गन भराभर छोटे ठोके देत तो आत घालते. वेग हातोडीपेक्षा थोडाच जास्त. पण जिथे हातोडी फिरवायला जागा नाही, दोन वाशांच्या सांदीत, तिथे तिला तोड नाही. शिवाय खिळे गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातले, किलोच्या भावाचे.

७. खरी खरेदी कॉम्प्रेसरची

साधी एफ-३० गन दोन-तीन हजारांत येते. तिला हवा देणारा छोटा कॉम्प्रेसर सात-आठ हजारांच्या पुढे. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे गनमध्ये नव्हे, टाकीत जातात. तरीही ग्राहक गनचे फोटो तासभर पाहतो आणि कॉम्प्रेसर दुकानदार देईल तो उचलतो.

कॉम्प्रेसरवर तीन आकडे असतात. एचपी म्हणजे मोटरची ताकद. लिटर म्हणजे टाकीचं माप. एलपीएम म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा. यातला तिसरा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत फसवा. खोक्यावरचा एलपीएम बहुतेक वेळा पंपाच्या मापावरून काढलेला असतो. टाकीत सात-आठ बार दाब असताना प्रत्यक्षात मिळणारी हवा छोट्या, बिनतेलाच्या कॉम्प्रेसरमध्ये त्याच्या अर्ध्याच्या आसपास असते. १२० छापलं असेल तर ६० धरून चालावं.

आता हिशेब. मोठी गन एका खिळ्याला साधारण ३ लिटर मोकळी हवा खाते, एफ-३० अर्ध्या-पाऊण लिटरवर भागवते. २५ लिटरची टाकी ८ बारवरून ६ बारवर येईपर्यंत २५ गुणिले २, म्हणजे ५० लिटर हवा देते. तेवढ्यात मोठ्या गनचे सोळा-सतरा खिळे बसतात, एफ-३० चे सत्तर-ऐंशी. त्यानंतर कॉम्प्रेसर मिनिटाला ६० लिटर हवा भरत राहिला तर मोठ्या गनला मिनिटाला वीस खिळे मिळतात.

वीस म्हणजे कमी वाटतात का? एकटा सुतार रीप उचलतो, जागेवर धरतो, माप पाहतो, ठोकतो. मिनिटाला दहा-बारा खिळ्यांच्या वर तो क्वचितच जातो. तेव्हा घरच्या कामाला एक एचपीचा, २५ ते ३० लिटरचा कॉम्प्रेसर पुरतो. पट्ट्यावर चालणारा दोन एचपीचा भला मोठा कॉम्प्रेसर घ्यायला लावणारा दुकानदार ग्राहकाचं भलं करत नसतो. पॅलेटवाल्याची गोष्ट निराळी. त्याची गन तासन्तास थांबत नाही, आणि छोटी बिनतेलाची मोटर तेवढं सोसत नाही. ती तापून स्वतःच बंद पडते.

विजेचं दुखणं हे इथलं खास. साइटवर तात्पुरत्या मीटरवरून बारीक वायरचं पन्नास फुटी एक्स्टेन्शन ओढलेलं असतं. कॉम्प्रेसर सुरू होताना चालू असतानाच्या कितीतरी पट करंट ओढतो. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर घुरघुरते, सुरूच होत नाही आणि जळते. उपाय साधा आहे. कॉम्प्रेसर बोर्डाजवळ, १५ अँपिअरच्या पॉइंटवर ठेवावा आणि लांब न्यायचा असेल तर हवेचा पाइप न्यावा, वायर नको. पाइपही मोठ्या गनला निदान १० मिलिमीटर आतल्या व्यासाचा हवा, नाहीतर भराभर ठोकताना टोकाला दाब पोचत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर हा संसार चालत नाही.

पावसाळ्यात टाकीत पाणी साठतं. दमट हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. तेच पाणी पाइपातून गनमध्ये गेलं की दट्ट्या गंजतो. टाकीच्या बुडाशी छोटा नळ असतो. तो रोज संध्याकाळी उघडायचा. सकाळी काम सुरू करताना, गन तेल मागणारी असेल तर हवेच्या तोंडात हवेच्या अवजारांसाठीच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडायचे. इंजिन ऑइल किंवा खोबरेल नको.

आणि कॉम्प्रेसर नाही म्हणून वेल्डिंगवाल्याच्या ऑक्सिजनच्या किंवा कुठल्याही गॅसच्या सिलिंडरला गन कधीही जोडू नये. गन फुटून माणूस जातो. इतका धोकादायक जुगाड या विषयात दुसरा नाही.

८. घोडा कसा आहे ते बघा

गनच्या नाकाशी एक दांडी असते. ती लाकडावर दाबली गेल्याशिवाय खिळा सुटत नाही. दांडी आणि घोडा यांचं नातं दोन प्रकारचं असतं. एका प्रकारात आधी दांडी टेकवायची, मग घोडा ओढायचा, आणि प्रत्येक खिळ्याला हे नव्याने करायचं. दुसऱ्यात घोडा ओढूनच ठेवायचा आणि नाक टेकवत पुढे सरकायचं. टेकलं की खिळा. व्हिडिओत दिसतो तो वेग या दुसऱ्या प्रकाराचा.

धोकाही त्याचाच. मोठी गन ठोका मारल्यावर उसळते आणि परत टेकते. घोडा ओढलेला असेल तर त्याच क्षणी दुसरा खिळा सुटतो, आणि तो लाकडातच जाईल याची खात्री नसते. कधी तो फळी धरलेल्या मदतनिसाच्या पंजात जातो. अमेरिकेच्या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थांनी २०११ मध्ये काढलेल्या पुस्तिकेत नेल गनच्या जखमा घेऊन वर्षाला सुमारे ३७,००० माणसं इस्पितळाच्या तातडीच्या विभागात येतात असा अंदाज दिला आहे. टेकताच सुटणाऱ्या घोड्यात धोका दुपटीने असल्याचंही त्यात नोंदलं आहे. घरासाठी गन घेताना पहिल्या प्रकारचाच घोडा मागावा. वेग थोडा कमी मिळतो, पण वर गोठ्याच्या हिशेबात पाहिलंच की घरच्या कामात वेगाची गरज किती.

काही स्वस्त एफ-३० गनना नाकाची ही दांडीच नसते. घोडा ओढला की खिळा उडतो, समोर लाकूड असो वा गाल. दोनशे रुपये जास्त पडले तरी दांडीवालीच घ्यावी. दांडी तारेने बांधून गन ‘मोकळी’ करणारे कारागीर असतात. अशा गनने काम करणाऱ्याला साइटवर उभं करू नये.

बाकी शिस्त साधी. धरणारा हात खिळ्यापासून फूटभर लांब. डोळ्यांवर चष्मा, पायात चपलेऐवजी बूट. खिळा अडकला तर आधी पाइप काढायचा, मग तोंड उघडायचं. गाठीवर किंवा जुन्या खिळ्यावर गन टेकवायची नाही, कारण नवा खिळा तिथून वळून बाहेर येतो. लागलंच तर खिळा घरी उपसू नये. तसाच ठेवून दवाखान्यात जावं, एक्स-रे काढावा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं. खिळ्याबरोबर जोडणीच्या प्लॅस्टिकचे किंवा तारेचे तुकडे आत गेलेले असतात, ते वरून दिसत नाहीत.

९. दुकानात

लाकडाचा तुकडा घेऊन गेलेल्या ग्राहकाने न थांबता दहा-पंधरा खिळे मारून पाहावेत. पहिले दोन सगळ्याच गनमध्ये चांगले बसतात. शेवटच्या पाचांकडे बघायचं. डोकी लाकडाच्या पातळीत आली, की वर राहिली? खोली कमी-जास्त करायचं चाक आहे का, आणि ते हाताने फिरतं की त्यालाही पाना लागतो? अडकलेला खिळा काढायला तोंड बोटाने उघडतं का? नाकाला रबरी टोपी आहे का? ती नसेल तर पॉलिश केलेल्या पट्टीवर नाकाचे ठसे उमटतात.

मग दुकानदाराला ओ-रिंगचा संच, दट्ट्याखालची रबरी गादी आणि ठोकणारी पोलादी पट्टी हे तीन भाग काउंटरवर ठेवायला सांगायचं. हेच तीन भाग झिजतात. ‘मागवून देतो’ असं उत्तर आलं तर गन कितीही स्वस्त असली तरी तिचं आयुष्य पहिल्या गळतीपर्यंतचं. त्यापेक्षा ठाऊक असलेल्या मॉडेलची, थोडी वापरलेली पण भाग मिळणारी गन घेतलेली बरी. जुनी गन घेताना ती पाइपला जोडून, घोडा न ओढता कानाशी धरावी, नाक अर्थातच दुसरीकडे करून. हवेची बारीक शिट्टी ऐकू आली तर ओ-रिंग गेलेली आहे. भावात तेवढे पैसे कमी करायला सांगावेत.

आणि घराचं फर्निचर रोजंदारीऐवजी ठेक्याने करून घ्यायचं ठरलं असेल, तर सुताराकडे गन आणि कॉम्प्रेसर आधीपासून असतातच. मग मालकाने खर्च करायचा तो फक्त खिळ्यांच्या खोक्यांवर. ठरवताना ती खोकी कोणाकडे, हे मात्र तोंडी न ठेवता कागदावर लिहून घ्यावं.